मावशीचा पत्ता

४ मार्च

मेहुणे,

सुरुवात कशी करावी यात बराच वेळ गेला, म्हणून सरळ कामाचं लिहितो. तुमची ताई गेल्या महिन्यात वारली. त्या दिवशी मी तुम्हाला फोन केला होता, दुसऱ्या दिवशीही केला. तुमचा नंबर बदलला असावा. किंवा नसावा. हा पत्ता मला दोर आणि बूट विकणाऱ्या तुमच्या जुन्या दुकानदाराने दिला. देताना तो म्हणाला, "उत्तराची वाट बघू नका." मी तसं कबूल करून आलो.

आजार लांबला नाही. त्रास शेवटी शेवटी झाला, तोही औषधांनी बराच आटोक्यात होता. तुम्ही विचाराल म्हणून लिहिलं. विचारणार नसाल तरी माहीत असावं.

काम असं आहे. राख कुठे ठेवायची हे हिनं दवाखान्यात असतानाच सांगितलं. मी म्हणालो, आत्ताच हा विषय कशाला.

"मग नंतर कुणाला विचाराल?" ती म्हणाली.

"मला मावशीवर ठेवा."

"मावशी कुठली?"

"टोळाला विचारा. त्याला ठाऊक आहे."

तुम्हाला ती टोळ म्हणते हे तुम्हाला माहीत असेलच. मावशी म्हणजे खडक, एवढं मला समजलं. कारण तुमची खरी मावशी, जिनं तुमची आई गेल्यावर तुम्हा दोघांना वाढवलं, ती जाऊन खूप वर्षं झाली. शिवाय तिच्यावर काही ठेवायची हिंमत तिच्या हयातीतही कुणाला नव्हती.

टेकड्यांतल्या पायवाटेच्या आजूबाजूला जे लहानमोठे खडक पडलेत, त्यांवर तुम्ही दोघं लहानपणापासून चढत होतात आणि त्यांना नातेवाइकांची नावं देत होतात, हे मला लग्नापासून माहीत आहे. पण मी तिथे कधी आलो नाही. मी वाटेच्या तोंडाशी बाकावर पेपर वाचत बसायचो. ती परत यायची तेव्हा हाताला खरचटलेलं असायचं आणि भूक लागलेली असायची. मी कधी जास्त विचारलं नाही.

तुमच्यात आणि हिच्यात काय झालं त्यात मी तेव्हा पडलो नाही, आताही पडत नाही. दोन ओळी पुरतील. वाटेवरून कुठे वळायचं, आणि खडक दिसतो कसा.

डबा बैठकीच्या खोलीत कपाटात आहे. घाई नाही.

तुमचा,
मेहुणा


२६ मार्च

मेहुणे,

उत्तर आलं नाही. पोस्टाला वेळ लागतो हे धरून चालतो.

दरम्यान रविवारी मी स्वतः जाऊन आलो. गाड्या लावायच्या जागेपाशी आता नवा फलक आहे. त्यावर मनोरा आणि धबधबा दाखवलाय, खडक एकही नाही. लोक सरळ मनोऱ्याकडे जातात, फोटो काढतात आणि परत येतात. दोन्ही बाजूंना एवढे खडक आहेत हे मलाही इतक्या वर्षांत दिसलं नव्हतं. काही माणसाच्या उंचीचे, काही एकमजली घराएवढे. मधे कमरेइतकी काटेरी झुडपं. पँट फाटली.

तुमचे पिवळे आकडे अजून आहेत. फिके झालेत, पण वाचता येतात. तुम्ही पैसे घेऊन लोकांना चढायला आणायला लागलात आणि खडकांवर आकडे रंगवलेत, त्या संध्याकाळी आमच्या स्वयंपाकघरात जे झालं ते मला आठवतं. मी तिथेच बसलो होतो.

"माझ्या माणसांच्या अंगावर आकडे?" ही म्हणाली.

तुम्ही म्हणालात, "ताई, दगड आहेत ते."

"दगड तर तूही आहेस. घालू तुझ्या पाठीवर?"

तुम्ही हसलात. ती हसली नाही. तुम्ही तेव्हा हसायला नको होतं असं मला वाटतं, पण मी पडत नाही म्हटलं तर पडत नाही. दुसऱ्या दिवशी माझ्या वर्कशॉपमधला तारेचा ब्रश गायब झाला. पुढे तुमची गिऱ्हाइकं कमी होत गेली, तुम्हीही शहर सोडलंत, आणि त्या विषयावर आमच्या घरात बोलणं झालं नाही.

तर मी असा विचार केला. तुम्ही काहीही केलं असेल, पण मावशीवर आकडा घातला नसणार. म्हणून बिनआकड्याचे खडक तेवढे बघायचे. ते फार नाहीत. त्यांतला एक मला पटला. वाटेच्या डाव्या अंगाला, उंबराच्या पलीकडे. गोल, पसरट, आणि मधोमध मांडी घातल्यासारखी बैठक. लांबून बाई बसल्यासारखाच दिसतो. त्याच्यासमोर मी बराच वेळ उभा होतो.

वाटेची राखणदारी करणाऱ्या एक बाई आहेत, गळ्यात शिट्टी असते. त्यांनी मला हटकलं.

"काका, वाट चुकलात का?"

"नाही. मावशीला शोधतोय."

"अगंबाई! किती वयाच्या आहेत? कपडे कुठले घातलेत?"

"खडक आहे तो."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "पाणी आहे ना तुमच्याजवळ?" त्या म्हणाल्या. आणि मी वाटेवर परत येईपर्यंत तिथून हलल्या नाहीत.

मांडीवाला खडक तोच का? नुसतं हो किंवा नाही लिहिलंत तरी चालेल.

तुमचा,
मेहुणा


१७ एप्रिल

मेहुणे,

मांडीवाला नाही. ते मला आपोआप कळलं, म्हणून कळवतो.

मी दुकानांचे वजनकाटे तपासतो हे तुम्हाला माहीत आहे. परवा एक दुकानदार नवा काटा घेऊन आला. चकचकीत, काचेचा, खाली मखमल. मी वजनांची पेटी उघडली तर म्हणतो, "साहेब, कोरा आहे. बघा तरी त्याच्याकडे. याला कशाला तपासायचं?" मी म्हणालो, "बघून कळत असतं तर मला पगार कशाला दिला असता?" वजन टाकलं. काटा चुकीचाच होता.

पेटी बंद करताना मला हिचं एक बोलणं आठवलं. एका रविवारी ती हाताची सालटी काढून आली आणि म्हणाली, "आज काकूनं चांगलंच फटकारलं." मी पेपरातून डोकं वर न काढता विचारलं, "काकूसारखा दिसतो का तो?"

"दिसण्यावर काय आहे?" ती म्हणाली. "वागतो काकूसारखा."

मी मात्र तीन रविवार झुडपांत उभा राहून खडकांची तोंडं बघत होतो. हे माझ्यासारख्यानं करावं हे जरा लाजिरवाणं आहे. तुम्ही नावं चढून ठेवली होतीत. ती चढल्याशिवाय कळणार नाहीत.

म्हणून चढायला लागलो. हिचे बूट मला होत नाहीत, घालून पाहिले. माझेच जुने कॅनव्हासचे घातले. या वयात हे शोभत नाही याची कल्पना आहे. गुडघाही साथ देत नाही. पण खडक लहान आहेत आणि घाई मला नाही.

मांडीवाल्याच्या मांडीपर्यंत आरामात गेलो. त्याच्या वर हाताला काही नाही, पायाला काही नाही. बसून राहायचं आणि घसरत खाली यायचं. तो कुणी लांबचा नातेवाईक असावा. 'बसा' म्हणतो, चहा विचारत नाही. त्याच्या पुढचा एक आहे, त्यावर जिथे हात लावावा तिथलं ढेकूळ हातात येतं. माणूस वाईट नसेल, पण शब्दाचा पक्का नाही. आणखी एक लांबलचक आहे, चढ नाही, उतार नाही, संपतच नाही. वर पोचलो तेव्हा मला जांभई आली. तो तुमचा कुणी मामा का?

या लोकांशी माझी लग्नात ओळख करून दिली होती. पण नीट ओळख आत्ता होते आहे.

ऑफिसात नवा मुलगा माझ्या हातावरचे ओरखडे बघून म्हणाला, "साहेब, घरी मांजर आणलं का?" मी हो म्हणालो. आता तो रोज मांजराची चौकशी करतो. परवा त्यानं त्याच्यासाठी मासळीचं डोकं आणलं. काय करायचं कळेना, शिजवून खाल्लं.

तुमच्या मावशीबद्दल हिनं सांगितलेलं आठवून पाहतो. लोक 'माय मरो, मावशी जगो' असं सहज बोलून जातात. तुमच्या घरी ते खरोखर घडलं. हिच्या सांगण्यावरून, मावशी दारातच बोलायला सुरुवात करायची. उशीर का झाला, पाय पुसा, केस बघा कसे झालेत. आणि तोंडाचा पट्टा चालू असतानाच ताटं वाढलेली असायची. म्हणजे मी शोधतोय तो खडक समोरून आठ्या घातलेला असणार आणि अंगावर घेणारा असणार. आत्याचं नेमकं उलट होतं म्हणे. तिच्याबद्दल ही फार बोलायची नाही. एवढंच कळलं होतं की आई गेल्यावर आत्या खाऊ घेऊन आली, दोघांना जवळ घेतलं, आणि जाताना म्हणाली, एकाला नेते, दोघं जमणार नाहीत. कुणाला नेणार होती ते हिनं कधी सांगितलं नाही.

तुम्ही लिहिलंत तर माझे कष्ट वाचतील. पण आता तेवढ्यासाठी लिहू नका.

तुमचा,
मेहुणा


१२ मे

मेहुणे,

सापडली.

ओढा लागतो, त्याच्या पलीकडे एक काळा खडक वाटेच्या बाजूला झुकलाय. माथा पुढे आलेला, खाली सावली. समोरून बघितलं तर अंगावर ओरडेल असं वाटतं. आकडा नाही. मी दोन वेळा त्याला टाळून गेलो होतो. गेल्या रविवारी मागच्या बाजूनं हात लावला. मी चढलो असं म्हणणं खरं नाही. हात वर केला की तिथे धरायला असायचं. पाय उचलला की तिथे टेकायला असायचं. एकदा मी चुकीचा हात टाकला, तर तिथेही काहीतरी होतंच. माझ्यासारखा माणूस वर पोचला आणि त्याला दमही लागला नाही. वर ताटाएवढी सपाट जागा आहे. तिथून मनोरा दिसत नाही, ही गोष्ट हिला नक्की आवडली असती.

काल सकाळी डबा सॅकमध्ये घालून पुन्हा गेलो. निघण्याआधी वजन केलं नाही. हात काट्याकडे गेला होता.

वर वारा होता. डबा तिरका केला. थोडी तिथेच खळग्यात पडली, बाकीची गेली. ठेवा म्हणाली होती, त्यामुळे वाऱ्यानं नेलेलं तिच्या हिशेबात बसतं का, याचा विचार मी खाली आल्यावर केला. उतरायला थोडा वेळ लागला.

घरी येऊन आंघोळ केली, जेवलो, झोपलो. संध्याकाळी जाग आली तेव्हा सवयीनं दोन कप चहा टाकला. दुसरा कप शेजारच्या गृहस्थांना नेऊन दिला. ते म्हणाले, "काही विशेष?" मी म्हणालो, "जास्त झाला."

माझ्याकडून काम पूर्ण झालं आहे. तरी तपासणाऱ्यानं एकट्याच्या खात्रीवर जाऊ नये. मी चुकलो असेन तर कळवा. बरोबर असेल तर उत्तराची गरज नाही. तुम्हाला ते सोयीचंही पडेल.

तुमचा,
मेहुणा


९ जून

मेहुणे,

तुमचं पत्र शनिवारी मिळालं. शाई दोन ठिकाणी बदललेली आहे, म्हणजे एका बैठकीत लिहिलेलं नाही. मीही एका बैठकीत वाचलं नाही.

तुम्ही लिहिता: 'भाऊजी, ती मावशी नाही. ती आत्या आहे. चढताना गोड बोलते, उतरताना कळते. तिच्यावर आकडा नव्हता कारण तिच्यावरून माझी गिऱ्हाइकं खाली आली नसती. मावशीवर आकडा होता. पहिला आकडा मी मावशीवरच घातला, कारण तिच्यावरून कुणी पडत नाही आणि नवशिक्यांना तिथूनच सुरुवात करून द्यायची होती. ताईनं तो घासून काढला. म्हणून तुम्हाला दिसला नाही.'

मी हे वाचून उठलो आणि भांडी घासली. मग परत बसलो.

आता मला एक गोष्ट लिहिली पाहिजे, जी गेल्या पत्रात मी एका वाक्यात उरकली. उतरायला थोडा वेळ लागला, असं लिहिलं होतं. त्याच्या आदल्या रविवारी मी बाजूच्या उतारावरून बसून घसरत आलो होतो, पँटची दुसरी बाजूही गेली, आणि दोष गुडघ्याला दिला. डबा घेऊन गेलो त्या दिवशी तसं घसरायची हिंमत झाली नाही. चढताना जे सगळं हाताशी होतं ते उतरताना कुठे गेलं मला कळलं नाही. पाय खाली सोडावा तर तिथे काही नाही. पुन्हा वर घ्यावा तर गुडघा वळत नाही. मी पोटावर पडून राहिलो. शिट्टीवाल्या बाई खालून आल्या.

"काका, काय करताय?"

"उतरतोय."

"मघाशी गेले तेव्हाही उतरतच होतात. माझी मनोऱ्यापर्यंत फेरी झाली."

"होईल."

"पडलात तर मला साहेबांना तोंड द्यावं लागतं. हलू नका." मग जरा थांबून त्या म्हणाल्या, "मावशी भेटली का?"

मी म्हणालो, "हीच."

"बरी आहे हो तुमची मावशी," त्या म्हणाल्या, आणि चौकीवरून शिडी घेऊन आल्या. फलक पुसायची शिडी. आखूड पडली. शेवटचं अंतर मी त्यांच्या खांद्यावर पाय देऊन उतरलो. त्यांनी कुणाला सांगितलं नाही, मीही नाही.

आमच्या कामात काटा नुसता वजन वाढवत नेऊन पास करत नाहीत. एकेक वजन काढत खालीही यायचं असतं. बरेच काटे चढताना बरोबर दाखवतात आणि उतरताना खोटं बोलतात. हे मी नव्या मुलांना पहिल्या आठवड्यात शिकवतो. खडकाला मी चढताना तपासला, उतरताना जे दिसलं ते गुडघ्यावर ढकललं, आणि सही करून टाकली. चूक सगळी माझी आहे. तुम्ही आधी लिहिलं असतं तर झाली नसती, हेही खरं आहे. दोन्ही लिहून ठेवतो.

मावशीवर आकडा घातला नसणार, हे मी तुमच्याबद्दल धरून चाललो होतो. ते चुकलं. तुम्ही न लिहिता राहिला असतात तर मी जन्मभर तसंच धरून चाललो असतो, आणि ते तुमच्या फायद्याचं होतं. तरी लिहिलंत. हिला तर तेव्हापासूनच माहीत होतं. स्वयंपाकघरातलं ते भांडण सगळ्या आकड्यांचं नव्हतं, त्या एकाचं होतं, हे मला आत्ता कळतंय. मी समोर बसून ऐकत होतो आणि मला वाटलं रंगाचा वाद आहे. आणि सगळं माहीत असूनही ती म्हणाली, टोळाला विचारा.

आत्याचं म्हणाल तर त्याची मी फार काळजी करत नाही. हिनं तिच्याशी जन्मभर अबोला धरला. आता तिच्याच डोक्यावर जाऊन बसली आहे. माझ्या ओळखीप्रमाणे हिची त्याला हरकत नसावी.

पण सांगितलं होतं मावशीवर, आणि ते झालेलं नाही. डबा मी धुतलेला नाही. कोपऱ्यात, झाकणाच्या कडेला, थोडं आहे. चिमूटभर म्हणता येईल एवढं नक्की. ते न्यायचं आहे.

तुम्ही शेवटी विचारलंय, वाटेचा नकाशा काढून पाठवू का. पाठवू नका. नकाशावरून मी शोधीन, चढेन, वर पोचेनही, आणि पुन्हा खात्रीनं काहीतरी चुकीचं लिहीन. तुम्ही या. झोपायची सोय आहे. जेवण मी करतो, ते बरं होत नाही. आकड्यांबद्दल मी बोलणार नाही. तुम्हाला बोलायचं असेल तर ऐकीन.

चढायचं मी बघतो. तुम्ही खाली उभे राहा आणि पाय कुठे टाकायचा ते सांगा. उतरताना मला माझे पाय दिसत नाहीत.

तुमचा,
मेहुणा